आई-बाबा वाचताना कसे दिसायचे?

खुणेचा दोरा :

मागच्या महिन्यात ठाण्याचं घर रिकामं केलं. आईला जाऊन वर्ष झालं, भाऊ बंगळुरूला, मी मुलुंडला. किती दिवस बंद ठेवणार. भांडी आणि कपडे दोन दिवसांत उरकले. पुस्तकांच्या कपाटाला मात्र चार दिवस लागले. पुस्तकांमुळे नाही, त्यातल्या खुणांमुळे.

आई पान दुमडत नसे. पान दुमडणाऱ्याला ती तोंडात घास ठेवून बोलणाऱ्यांच्या पंगतीत बसवायची. हाताला लागेल ते पानात जायचं: सिलिंडरची पावती, टीएमटीचं तिकीट, भिशीच्या हिशोबाचा चिटोरा, लोकरीचा दोरा, एकात तर वाळून कोळ झालेला कढीपत्ता. एका पुस्तकात ११२ व्या पानावर केसांचा आकडा होता. गंजून पानाला चिकटलेला, आणि त्याचा तपकिरी ठसा पुढच्या चार पानांवर उतरलेला. त्या पुस्तकावर आमच्या गल्लीतल्या लायब्ररीचा शिक्का. मागच्या चिठ्ठीवर शेवटची तारीख ९ मार्च १९९४. म्हणजे परत केलेलंच नाही. शेजारणीची वाटी सुद्धा रिकामी परत न करणारी बाई ती, तिच्या हातून हे कसं राहिलं?

मग लक्षात आलं की आईने काय काय वाचलं त्याची यादी मी झोपेत देईन, पण ती वाचायची कशी, ते आठवायला बसावं लागतंय. दुपारी अडीच ते चार. चारला नळाला पाणी यायचं. बेडरूमच्या दारात, चौकटीला पाठ टेकून, पाय पसरून. पलंगावर नाही, कारण पलंगावर झोप लागते. पंखा बंद, पानं उडतात म्हणून. मान वर न करता म्हणायची, "दूध बघ गं," आणि दूध अगदी काठाला आलेलं असायचं.

तर याच्यासाठी हा धागा. पुस्तकांच्या याद्या कृपया नकोत, त्या पुष्कळ झाल्या. आई किंवा वडील वाचायला बसले की घरात काय व्हायचं, कुठे बसायचे, कोण उठवायचं, ते लिहा. वाचत नसतील तर तेही लिहा.


जिरे-मोहरी :

आमची आई चौथी पास. गाव मिरजेपासून एसटीने तासभर. घरात पुस्तक म्हणाल तर एक पोथी आणि आमची शाळेची. आई वाचायची पुड्या.

शनिवारी बाजार आला की आधी डबे भरायचे, मग पुड्यांचे कागद मांडीवर घेऊन तळहाताने दाबून दाबून सपाट करायचे, दोरा वेगळा गुंडाळून ठेवायचा, आणि वाचायला बसायचं. शेंगदाण्याची पुडी चांगली, कागद मोठा. हिंगाची वाईट. तेलाचा डाग पडला असेल तर त्यातून पलीकडचा मजकूर उलटा दिसायचा, ती तोही लावू बघायची. वाण्याला सांगून ठेवलेलं, "साखर बी त्याच पेपरात बांधा, फुडचं त्यात आसंल." तो बिचारा शोधून द्यायचा.

त्यामुळे आईच्या बातम्या कायम महिना-दीड महिना शिळ्या. नवीन माणूस निवडून येऊन खुर्चीत बसलेला असायचा आणि आईकडे अजून प्रचार चालू. आम्ही पोरं हसायचो. एकदा जिऱ्याच्या पुडीत तिच्या चौथीच्या बाईंची निधनवार्ता निघाली, फोटोसकट. तारीख बघितली तर चाळीस दिवस उलटलेले. आईने कागद देवळीत ठेवला, मोरीत गेली आणि दिवेलागणीच्या वेळी डोक्यावरून पाणी घेतलं. वडील म्हणाले, "आगं, आता कसलं सुतक?"

"मला आज कळलं," एवढंच बोलली.


गॅलरीतला बल्ब :

लालबागची चाळ, दहा बाय बाराची खोली, गावाहून आलेली माणसं धरून आम्ही नऊ जण. वडील गिरणीत, साचेखात्यात, म्हणजे मागावर. खोलीत वाचायला ना जागा ना उजेड, म्हणून ते गॅलरीच्या टोकाला, संडासाकडे वळतो तिथल्या बल्बखाली उभे राहायचे. तो बल्ब चाळीचा, त्याचं बिल आपल्याला नाही, हाही हिशोब होता. 'नवाकाळ' चौघांत मिळून एक. वडील मोठ्याने वाचायचे, कारण ऐकणाऱ्यांतल्या निम्म्यांना वाचता येत नव्हतं. शिवाय साच्यांच्या खडखडाटात वर्षं काढलेल्या माणसाला हळू बोलणं जमतच नाही. आम्ही आत झोपेत अग्रलेख ऐकायचो. अजूनही मोठा आवाज कानावर आला की मला झोप येते, बायको यावर नाराज असते.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. पहिले दोन महिने वडिलांनी जन्मात वाचलं नसेल इतकं वाचलं. मग चार वाटेकऱ्यांतले दोघे गावी गेले आणि पेपर बंद झाला. वडील कामगार कल्याण केंद्राच्या वाचनालयात जायला लागले, उघडायच्या आधी दारात हजर. आई म्हणायची, "कामाला पण इतक्या लवकर जात नव्हतात."

पुढे एका सोसायटीत रात्रीची वॉचमनकी मिळाली. टेबल, दिवा, रात्रभर शुकशुकाट. पहिल्या मजल्यावरच्या एक बाई रद्दीतली मासिकं काढून द्यायच्या. वडील मला एकदा म्हणाले, "तीस वर्षं साच्यासमोर उभा होतो. बसून वाचायला आत्ता गावलं." पगार काय होता ते इथे लिहीत नाही.


टाचणी :

सगळं छान चाललंय, पण मला वडिलांच्या वाचनाचं कौतुक करता येत नाही. धाग्याला गालबोट लागत असेल तर क्षमस्व.

बाबा ऑफिसातून आले की आरामखुर्ची, पाय स्टुलावर, चहा, आणि घरभर "हळू बोला, बाबा वाचतायत." कुकरची शिट्टी व्हायच्या बेतात आली की आई गॅस बारीक करायची. खरंच सांगते. आमच्या घरात कुकरला सुद्धा मन मोकळं करायची सोय नव्हती. आणि बाबांच्या कपाटात काय, तर 'स्त्री' मासिकाचे बांधून घेतलेले अंक! किर्लोस्करांनी ते १९३० साली सुरू केलं, त्यातले बरेच जुने अंक बाबांना त्यांच्या मामांकडून मिळालेले. त्यांनी ते कापडी बांधणी करून, पाठीवर सोनेरी अक्षरात साल घालून घेतले. स्त्रियांच्या प्रश्नावर बाबा तासभर बोलू शकायचे. मध्ये आईने पाण्याचा तांब्या आणून दिला की आणखी अर्धा तास.

आई वाचायची ते 'कालनिर्णय'. स्वयंपाकघरात खिळ्याला असायचं. महिना बदलला की पान उलटायच्या आधी ती मागची बाजू वाचून संपवायची. उभ्याने. एका हाताने कॅलेंडर उचलून धरलेलं, दुसऱ्या हातात झारा. म्हणजे वर्षाला बारा पानं. जुनी कालनिर्णयं ती गुंडाळी करून माळ्यावर ठेवायची, फोडणीच्या शिंतोड्यांसकट. ती तिची बांधणी.

बाबा गेल्यावर मी म्हटलं, आई, आता तू बस त्या खुर्चीत, वाच निवांत. तिने खुर्ची ओढून टीव्हीसमोर नेली. सात ते दहा मालिका, आवाज शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतका. बांधलेले अंक मी एका अभ्यासक बाईंना देऊन टाकले. खुर्ची अजून टीव्हीसमोरच आहे आणि मला त्याचं अजिबात वाईट वाटत नाही.


पाऊण तास :

टाचणी, पटलं. पण वडील मंडळींच्या बाजूने एवढंच की माझे वडील वाचतच नव्हते. पुस्तक उघडं, चष्मा लावलेला, आणि पान पाऊण तास तेच. मी घड्याळ लावून मोजलंय. आत्यांची लग्नं, पतपेढीचे हप्ते, हे सगळं डोक्यात घोळवायला घरात तेवढी एकच जागा होती, पुस्तकाच्या मागे. मीही आता लॅपटॉपच्या मागे तेच करतो.


अजनीवाला :

नागपूर. वडील रेल्वेत खलाशी, अजनीला क्वार्टर. शिक्षण सातवी, मराठी झरझर वाचायचे. दर दसऱ्याला आम्ही दीक्षाभूमीवर. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी तिथे दीक्षा घेतली आणि दिली, तेव्हा वडील आजोबांच्या खांद्यावर होते. त्यांना स्वतःला आठवायचे ते फक्त पांढरे कपडे. दसऱ्याला ते मैदान ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको, पुस्तकांच्या स्टॉलवर पाय ठेवायला जागा नसते. परतीच्या गाडीत माणूस दाराला लटकलेला असेल, पण पिशवीत पुस्तक असणार. आमचंही ठरलेलं: आईला बांगड्या, आम्हाला जिलबी, वडिलांना एक पुस्तक.

१९८६ ला त्यांनी इंग्रजी पुस्तक उचललं. बाबासाहेबांचं लेखन आणि भाषणं राज्य शासनाने १९७९ पासून खंडाखंडाने काढली, त्यातला पहिला खंड. जाडजूड. आई म्हणाली, "हे कोन वाचनार?" वडिलांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी आठवीत. तेव्हा आमच्या शाळेत इंग्रजी पाचवीपासून, म्हणजे माझं इंग्रजी तीन वर्षांचं.

रात्री जेवणं झाली की सतरंजी, पाटावर पुस्तक, कॅलेंडरच्या कागदाचं कव्हर, कोरी बाजू वर. वडिलांच्या हाताला कपड्याच्या साबणाचा वास, कारण ग्रीस त्यानेच निघायचं. दोनदा हात धुतल्याशिवाय ते पुस्तकाला हात लावत नसत. मी एक परिच्छेद वाचायचा आणि मराठीत सांगायचा.

"मंग? काय म्हनते बाबासाहेब?"

मला काय कळतंय. त्या खंडातला पहिलाच निबंध जातींच्या उगमाबद्दलचा, १९१६ साली न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात वाचलेला. वडिलांनी बोटांवर मोजून बघितलं, बाबासाहेब तेव्हा पंचवीस वर्षांचे. "मी पंचविशीत गिट्टी ठोकत होतो," म्हणाले, आणि मला पुढे वाचायची खूण केली. पुढे शब्द आला 'एंडोगॅमी'. मग तो सारखाच यायला लागला. मी ठोकून दिलं, "एंडोगॅमी म्हणजे सगळ्यांनी एकाच गावात राहणं."

वडील विचारात पडले. "एका गावात राह्यल्यानं जात कशी बनते बे?"

"पुढे सांगतील ना."

तीन रात्री हे रेटलं. चौथ्या दिवशी ड्युटी संपवून ते सरळ सीताबर्डीला गेले आणि जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश घेऊन आले. पुठ्ठा नाही, 'ए'ची सुरुवातीची पानं गायब, पण 'ई' शाबूत. शब्द सापडला. मला रागावले नाहीत. पेन्सिल कानावरून काढून समासात लिहिलं: 'आपसातच लगन'. मग म्हणाले, "आता पहिल्यापासून वाच." जेमतेम वीसेक पानांचा निबंध, संपेपर्यंत उन्हाळा लागला. शब्दकोशात नसेल किंवा फाटलेल्या पानात गेला असेल तो शब्द मी सांगेन तसा समासात जायचा.

नोकरीला लागल्यावर तो खंड पुन्हा वाचायला घेतला. समासातली पेन्सिल स्वच्छ दिसत होती. निदान सहा ठिकाणी मी चुकीचं सांगितलेलं, दोन ठिकाणी तर चक्क उलटं. वडील तोवर निवृत्त झालेले. धीर करून सांगून टाकलं.

"मले मालूम होतं," म्हणाले. "तू वर पाहून सांगे तवा फेकत राहे."

"मग लिहून कशाला ठेवलं?"

"नसतं लिहलं तर तू वाचनं सोडून देल्लं असतं."

खोडरबर घेऊन बसू का विचारलं, तर नको म्हणाले.


फोंड्याकडचा :

गोव्याच्या पावसात वाचन म्हणजे निम्मं वाळवण. जूनमध्ये पुस्तकांवर पांढरी बुरशी धरायची, म्हणून आजी सगळी पुस्तकं चुलीच्या वरच्या फळीवर रचून ठेवायची. त्यामुळे आमच्या घरातल्या प्रत्येक पुस्तकाला धुराचा वास. मुक्ती डिसेंबर १९६१ ची, आणि मार्च १९६२ ला 'गोमन्तक' दैनिक सुरू झालं. वडील तेव्हा बारा वर्षांचे. आजोबांनी पोर्तुगीज शाळेत घातलेलं, मराठी घरी शिकलेलं. वडिलांना ते रोज पेपर पहिल्या ओळीपासून शेवटच्या मुद्रकाच्या नावापर्यंत मोठ्याने वाचायला लावायचे. वडील आज पंच्याहत्तरीचे आहेत, अजूनही मुद्रकाचं नाव वाचल्याशिवाय पेपर खाली ठेवत नाहीत. बाकी बातम्या वाचतात की नाही, शंका आहे.


साडेसहा-साडेसात :

न्यू जर्सी. आई साताऱ्याला, वय ८१. चार वर्षांपूर्वी डोळ्याच्या पडद्याचं दुखणं निघालं. अक्षराच्या मधोमध काळा ठिपका दिसतो म्हणते, कडेचं दिसतं. भिंग झालं, मोठा टाईप झाला. ऑडिओबुक लावून दिलं तर दोन दिवसांत बंद: "हा मुलगा भलत्या ठिकाणी श्वास घेतो." शेवटी मीच फोनवर वाचायला लागले. माझे रात्रीचे नऊ म्हणजे तिचे सकाळचे साडेसहा, चहाची वेळ, उत्तम. नोव्हेंबरात इथलं घड्याळ तासभर मागे गेलं की तिकडे साडेसात होतात आणि कामवाली आणि वाचन एकदम येतात. दरवर्षी तिला समजावून सांगते, दरवर्षी ती म्हणते, "तुमच्या सरकारला सांग."

नोव्हेंबर म्हणजे दिवाळी अंकही. भाऊ दोन संच घेतो, एक तिथे राहतो, एक कोणी येणारं असेल त्याच्या बॅगेत चिवड्याखाली. १९०९ साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, यावर आईचं एक ठरलेलं वाक्य आहे: "मित्रांनी अंक काढला, पण दिवाळीत बायकांना वेळ काढून द्यायला विसरले." तिच्या हातात अंक यायचा तो तुळशीच्या लग्नानंतर, तोवर घरातल्या पुरुषांनी शब्दकोडं सोडवून टाकलेलं.

एक गंमत या वाचनात कळली. मी लहानपणी आईला पानंच्या पानं वाचताना बघायचे तेव्हा वाटायचं, ही काय वेगाने वाचते. आता वाचून दाखवताना कळतं. संध्याकाळचं आकाश सुरू झालं की, "पुढे जा." नायिकेचे डोळे, "पुढे जा." जेवणाचं वर्णन मात्र सावकाश, आणि त्यात चूक असेल तर थांबवून, "सांज्यात आधी रवा भाजतात, हिने गूळ आधी घातला, हिला काही येत नाही," आणि मग त्या लेखिकेची बाकीची कथासुद्धा संशयाने ऐकायची. कुठे उडी मारते आणि कुठे मुक्काम करते ते बाबांनाही कधी दिसलं नसेल. त्यांना दिसायचं ते पुस्तकाचं मुखपृष्ठ.


छोटीची आई :

वरचं सगळं वाचून मला घाम फुटलाय. आमचं कन्यारत्न दुसरीत. शाळेत 'माझी आई' लिहायला सांगितलं. पाच ओळींतली तिसरी: 'माझी आई खूप फोन बघते.' त्या महिन्यात मी फोनवर तीन कादंबऱ्या वाचल्या होत्या हो! मी वाचते की वाण्याची यादी पाठवते की भांडते, तिला बाहेरून सगळं सारखंच दिसतं. मग मुद्दाम कागदाचं पुस्तक आणलं आणि हॉलमध्ये तिच्यासमोर वाचत बसले. ती जवळ आली, थोडा वेळ बघितलं आणि विचारलं, "फोन बिघडला का?"


खुणेचा दोरा :

छोटीची आई, तू फोन खरंच थोडे दिवस बिघडव.

तो आकडा आणि ९ मार्च १९९४, त्याचा उलगडा झाला. हा धागा भावाला पाठवला होता. त्याचा रात्री फोन आला. ते त्याचं दहावीचं वर्ष. मार्चच्या पहिल्या आठवड्यात आजीला अर्धांगाचा झटका आला. आई दिवसा दवाखान्यात, रात्री त्याच्यासोबत अभ्यासाला जागी. लायब्ररी कोणाच्या लक्षात राहणार. मी तेव्हा सहावीत, मला काकांकडे पाठवलं होतं, म्हणून मला त्यातलं काहीच आठवत नाही.

मग तो म्हणाला, "आणि तू ते झोप लागते असं काय लिहिलंयस? पलंगावर आजी होती."

आजी पुढची सहा वर्षं त्या पलंगावर होती. दारात बसलं की आतून तिचं कण्हणं ऐकू यायचं आणि स्वयंपाकघरातलं दूधही दिसायचं. पंखा पानं उडतात म्हणून बंद नव्हता, आजीला वारा सोसायचा नाही. 'झोप लागते' हे मी कधीतरी विचारलं असेल, तेव्हा आईने दिलेलं उत्तर. तीस वर्षं मी तेच धरून बसले होते.

लायब्ररीच्या जागी आता मोबाईलची कव्हरं मिळतात. पुस्तक माझ्याकडेच आहे. आकडा काढायला गेलं तर पान फाटतं, म्हणून तसाच ठेवलाय. भाऊ बँकेत आहे, त्याने फोनवरच हिशोब घातला: उशिराचा दंड दिवसाला दहा पैसे धरला तर अकराशेच्या वर जातात, त्यातून आईची पन्नास रुपये अनामत वजा. उरलेले कोणाला द्यायचे ते बघ म्हणाला.